कागदावरची तीन वर्षं

शुक्रवारी सकाळी केशवरावांनी हॉल चौथ्यांदा मोजला. मंगळवारी जेवढा भरला होता तेवढाच आजही भरला. सोफा बाल्कनीत काढला तर दर मुलामागे किती चौरस मीटर येतात आणि आत ठेवला तर किती, याचा तक्ता त्यांनी आधीच करून फ्रिजवर चिकटवला होता. आखातातल्या तुबलीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं सेफ्टी सुपरवायझर म्हणून काढलेला माणूस रिटायर होऊन घरी बसला की घराचंच वर्कशॉप होतं, हे इंदुबाई गेलं वर्षभर सोसत होत्या. अरादच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटबाहेर, लिफ्टपाशी, त्यांनी हिरवी पाटी लावली होती : इमर्जन्सी असेम्ब्ली पॉइंट. केशवरावांनी शिट्टी वाजवली की पाळणाघरातल्या सहा पोरांनी एकमेकांचे शर्ट धरून त्या पाटीखाली उभं राहायचं, अशी सवय त्यांनी लावली होती. पोरांना खेळ वाटायचा, त्यामुळे ती दिवसातून पाचदा शिट्टी मागायची.

पण आज केशवरावांचं लक्ष टेपमध्ये नव्हतं. गुरुवारी दुपारी सरकारी खात्याचा ईमेल आला होता आणि तो त्यांनी इतक्या वेळा वाचला होता की आता डोळे मिटले तरी दिसत होता. घरगुती पाळणाघराचा अर्ज तत्त्वतः मंजूर आहे. मुख्य सांभाळणारी म्हणून नीलम यांचं नाव स्वीकारलं आहे. दुसऱ्या सांभाळणारीचं वय ओळखपत्राप्रमाणे साठ पूर्ण असल्यामुळे त्यांचं नाव स्वीकारता येत नाही. सबब मुलांची मंजूर संख्या सहाऐवजी तीन. रविवारी सकाळी नऊ वाजता तपासणीला येऊ. तोपर्यंत संख्या नियमात आणावी.

दुसरी सांभाळणारी म्हणजे इंदुबाई. अकरा वर्षं हे पाळणाघर त्यांनीच चालवलं होतं. पाटी नाही, लायसन नाही, सर्टिफिकेट नाही. हातावर वाढलेली पोरं आता बारा-तेरा वर्षांची होऊन मनामाच्या सूकमध्ये, बाजारात, भेटली तरी आईबापांचा हात सोडून धावत येत. नवीन नियम आले तेव्हा इमारतीतल्या दोघी-तिघींनी सल्ला दिला होता की गप्प बसा, कुणी विचारत नाही. केशवरावांनी तो सल्ला उडवून लावला. आपण कायद्याची माणसं, आपल्याला जे मिळालं ते कायद्यानं मिळालं, कायदा आपल्या सोयीचा असेल तेव्हाच पाळायचा नसतो, असं त्यांनी बाबासाहेबांच्या फोटोखाली उभं राहून सांगितलं होतं. नियमावलीची इंग्रजी प्रत त्यांनीच मिळवली, बावीस पानं पिवळ्या पेनानं रंगवली, फॉर्म भरला, सुनेला, नीलमला, ऑनलाइन कोर्स करायला लावून सर्टिफिकेट मिळवलं. फक्त नवव्या पानावरची एक ओळ त्यांच्या नजरेतून सुटली. सांभाळणाऱ्या व्यक्तीचं वय एकवीसच्या वर आणि साठच्या आत असावं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि हात दाखवायला गेलेलं घरात दुसरं कुणी नव्हतं.

बरं, ओळ सुटली हे एक वेळ सांगता आलं असतं. त्या ओळीत इंदुबाई का अडकल्या, ते कसं सांगायचं हे केशवरावांना सुचत नव्हतं. ते कारण जगात दोघांनाच माहीत होतं. त्यातले एक हातात टेप घेऊन उभे होते आणि दुसरं माणूस स्वयंपाकघरात मटणाला वाटण लावत होतं.

जेवणाला सगळे आले. इथे शुक्रवार सुटीचा आणि रविवार कामाचा. शुक्रवारचं जेवण आईकडे, हा या घरातला नियम कुठल्याही खात्यानं न करता पंचवीस वर्षं चालत आलेला. मुलगा धम्मदीप याच घरात राहायचा. मनामातल्या एका कंपनीत एसीच्या कामांचं अंदाजपत्रक बनवायचा आणि घरातल्या प्रत्येक प्रश्नाचंही तसंच अंदाजपत्रक मांडायचा. मुलगी अक्षता बँकेत होती. तिची तीन वर्षांची यशू त्या सहा पोरांपैकी एक. जावई सुजीत रिफायनरीतल्या शिफ्टवरून सरळ आला होता, आणि जेवण होईपर्यंत त्याला जगात काही अडचण आहे असं वाटत नव्हतं.

ताटं उचलल्यावर केशवरावांनी ईमेल वाचून दाखवला. वयाच्या वाक्यावर त्यांचा आवाज जरा घाईनं पुढे सरकला, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळ्यांचं लक्ष ‘तीन’वर होतं.

“म्हणजे तिघं जाणार,” धम्मदीप म्हणाला. “कोण कोण ते ठरवू आणि आजच त्यांना मेसेज करू. उगीच रविवारपर्यंत ताणायला नको.”

त्यानं फोनवर यादी काढली. केरळची जुळी. शहजादची मुलगी, शहजाद म्हणजे वर्कशॉपमधला केशवरावांचा जुना वेल्डर. खालच्या मजल्यावरच्या लक्ष्मीचा दीड वर्षाचा मुलगा. वसईच्या ब्रिजिटचा एलरॉय. आणि यशू.

यादीतलं शेवटचं नाव वाचताना तो थांबला नाही आणि अक्षतानं ते ऐकलं. तिनं आधी हसून घेतलं. यशू घरचीच आहे, तिला कशाला मोजता, असं ती म्हणाली. नीलमनं शांतपणे सांगितलं की सातव्या पानावर आहे, घरातली आणि नात्यातली पाच वर्षांखालची मुलंही संख्येत धरायची. नीलमचा आवाज नेहमीसारखाच होता. पण ती ‘सातव्या पानावर’ म्हणाली, आणि सर्टिफिकेट मिळाल्यापासून ती पानांचे आकडे सांगायला लागली आहे हे नणंदेला गेले दोन महिने बोचत होतं.

“म्हणजे वहिनी, तुझ्या तीन जागांमधली एक माझ्या पोरीनं खाल्ली, असंच ना?”

“माझ्या जागा कुठून आल्या? नाव माझं आहे, हात आईंचेच आहेत.”

ते खरं होतं आणि बोलून दाखवल्यामुळे जास्तच लागलं. केशवरावांना सुनेचं कौतुक वाटलं आणि त्याच वेळी तिच्याकडे बघवेना. दोन महिन्यांपूर्वी ही पोरगी आणि लेक एका बाजूला होत्या. दोघींनी मिळून त्यांच्या शिट्टीची टिंगल केली होती. आता धम्मदीप बायकोच्या बाजूला सरकला, सुजीत बायकोच्या, आणि एका ईमेलनं हॉलचे दोन भाग झाले. एवढं कुठल्याच टेपनं मोजलं नसतं.

सुजीतनं मार्ग काढला. सुजीतचे मार्ग नेहमी सोपे असायचे. आईऐवजी अक्षताचं नाव द्यायचं. तिचं वय छत्तीस, तब्येत ठणठणीत, शिक्षण भरपूर. रविवारी ती रजा टाकेल, तपासणीला आलेल्या बाईंना चहा देईल, सही करेल. सोमवारी बँकेत. आई आहेतच. “कागदावर अक्षता, कामावर आई. खलास.”

धम्मदीपला ते पटलं. अक्षतालाही पटलं, कारण त्यात यशू वाचत होती. नीलम गप्प राहिली, म्हणजे तिलाही फारसं वावगं वाटलं नव्हतं. सगळ्यांनी केशवरावांकडे पाहिलं.

“खोटा कागद मी देणार नाही,” केशवराव म्हणाले.

ते इतक्या सवयीनं म्हणाले की वाक्य तोंडातून सुटल्यावरच त्यांना ते ऐकू आलं. मग मागे घेता येईना. म्हणून पुढे गेले. खोट्या सहीमुळे एकदा वर्कशॉपमध्ये एका माणसाची बोटं कशी गेली असती हा सगळ्यांना पाठ असलेला किस्सा त्यांनी पुन्हा सांगितला. कागदावर एक माणूस आणि जागेवर दुसरा, याच्याइतकी धोक्याची गोष्ट नाही, असं म्हणून ते खाली बसले. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता, तो थोडा वेळ थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

चोराच्या मनात चांदणं, तशी केशवरावांची गत झाली. ते उठून पाणी प्यायला गेले. इंदुबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. एका कडेवर यशू होती, कारण ती तिथे असली की तिला कडेवरच बसायचं असायचं.

“सांगू का त्यांना?” केशवरावांनी हळूच विचारलं.

“मला काय इचारताय. तुमी ल्हिलंय, तुमीच वाचा,” इंदुबाई म्हणाल्या आणि यशूच्या तोंडाला लागलेला रस्सा पदरानं पुसला.

तेवढ्यात बेल वाजली. ब्रिजिट आली होती. हॉस्पिटलला शुक्रवार नसतो, म्हणून सकाळच्या ड्युटीला जाताना एलरॉयला आजही सोडून गेली होती. तो आतल्या खोलीत झोपला होता. ती बूट काढून आत आली, सगळे एकदम गप्प झाले, आणि काय चाललंय ते तिला कळलं. उघड्या बाल्कनीतून वरचं बोलणं ऐकून लक्ष्मीनं खालून मेसेज केला होताच. धम्मदीपनं मेसेज करण्याआधीच पालकांच्या ग्रुपवर यादी पोचली होती.

“अंकल, मला खरं सांगा. एलरॉय जाणार का?”

केशवरावांनी अजून काही ठरलं नाही असं सांगितलं. ब्रिजिटनं मान हलवली. ती भांडायला आली नव्हती, आणि त्यामुळे तिच्याकडे बघणं अवघड होतं. तिनं सांगितलं की तिची ड्युटी बदलती असते, सकाळ, दुपार, रात्र. मोठी नर्सरी दोन वाजता बंद होते. नवरा जहाजावर. एलरॉय दोन वर्षं कुणाशी बोलत नव्हता, डॉक्टरांनी नाना शब्द सांगितले होते, आणि त्यानं पहिला शब्द इथे उच्चारला, तो ‘आजी’. मम्मी नंतर.

“आंटी नसतील तर मला नोकरी सोडून वसईला जावं लागेल,” ती म्हणाली. “जाऊ, त्यात काय. पण आंटींना काय कमी आहे ते तरी कळू दे. माझ्या वॉर्डात सत्तरीचे डॉक्टर ऑपरेशन करतात.”

ती झोपलेल्या मुलाला खांद्यावर टाकून गेली. जाताना एलरॉयचा हात आपोआप इंदुबाईंच्या बाजूला लोंबला आणि त्यांनी तो त्याच्या पाठीवर नीट ठेवला. दार लागलं. धम्मदीपनं फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

मग अक्षता बोटांवर काहीतरी मोजायला लागली. केशवरावांना ते मोजणं आवडलं नाही.

“अण्णा, एक सांगा. शांतामावशी आईपेक्षा मोठी ना?”

“मोठी.”

“किती?”

“असेल दोन-तीन वर्षांनी.”

“मग मावशी शाळेतल्या शिपाईपदावरून पुढच्या मे महिन्यात रिटायर होणार. साठ पूर्ण. परवाच तिनं मला सांगितलं, सगळ्यांनी कराडला यायचंय. म्हणजे मोठी बहीण अजून एकोणसाठ आणि आमची आई जूनमध्येच साठ?”

बँकेत केवायसीची कागदपत्रं तपासण्यात लेकीची दहा वर्षं गेली होती. तिला शिकवताना केशवरावांना अभिमान वाटला होता.

आता सुटका नव्हती. केशवराव फोटोपासून जरा लांब, दाराजवळच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी सांगितलं. वर्कशॉपमध्ये अपघाताचा रिपोर्ट वाचायचे तसंच सांगितलं, तारखांसकट. लग्न मे चौऱ्याऐंशी. स्वतःचं वय तेवीस. इंदूचं सोळा. सासूबाई पोरांची वयं धर्मांतरापासून, म्हणजे छप्पन्नपासून, मोजायच्या, आणि इंदू दीक्षेनंतर बाराव्या वर्षाची, म्हणजे अडुसष्टची. अठराचा कायदा तेव्हाही होता, माहीत होता. पण गावात चौदा-पंधरात लग्नं लागत होती. आपण गावच्या मंडळाचे कार्यकर्ते. हुंडा नाही, बँड नाही, आणि सोळाच्या आतली मुलगी करणार नाही, असं आपण घरात ठणकावून सांगितलं होतं. त्या काळात तेवढंही मोठं वाटायचं. मग चौऱ्याण्णव साली इंदूला इकडे आणायचं ठरलं. व्हिसाला लग्नाचा दाखला हवा. दाखल्यावर वधूचं वय हवं, आणि ते लग्नाच्या दिवशी अठराच्या वर हवं. शाळेचा दाखला आणायला गावी जायला वेळ नव्हता, शपथपत्रावर काम भागत होतं. त्यांनी लिहिलं, एक जून पासष्ट. एक जून अशासाठी की शाळेत मास्तर सगळ्यांना तोच दिवस लावायचे. फक्त साल तीननं मागे घेतलं.

“मी हिला तेव्हा म्हणालो होतो, कागदावरची तीन वर्षं, त्यानं काय होतंय,” केशवराव म्हणाले.

धम्मदीपनं सगळ्यात आधी अंदाज मांडला. म्हणजे आई खरी सत्तावन्नची. म्हणजे ती नियमात बसते. सुजीत म्हणाला, वा, मग प्रश्नच मिटला. अक्षता त्या दोघांकडे बघत होती. तिचा चेहरा मघापासून पोरीसाठी भांडत होता, तो आता वेगळाच झाला होता.

“सोळा,” ती म्हणाली. “आणि तुम्ही मला दहावीला वक्तृत्वाला भाषण लिहून दिलं होतं, अण्णा. बालविवाहावर. मला पहिलं बक्षीस मिळालं होतं.”

केशवरावांना ते भाषण आठवत होतं. चांगलं झालं होतं. त्यांनी मान खाली घातली, आणि इतकी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. लेकीनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता बाजू पुन्हा बदलल्या. खरं वय लावून घ्यायचं, असं अक्षताचं म्हणणं. गावच्या शाळेतून दाखला काढायचा, अण्णांनी प्रतिज्ञापत्र लिहायचं, वकिलातीत जाऊन पासपोर्टची तारीख दुरुस्त करायची, मग इथलं ओळखपत्र. तोपर्यंत खात्याला लिहून कळवायचं. यात नीलम तिच्याबरोबर होती, आणि दोघी इतक्या सहज एका सोफ्यावर येऊन बसल्या की तासाभरापूर्वीचं भांडण दुसऱ्याच कुणाचं वाटावं. विरोध धम्मदीपनं केला. आईच्या पासपोर्टला हात लावला की सगळ्यांचीच कागदपत्रं वर येतील. आईबाप त्याच्या व्हिसावर आहेत. तीस वर्षांपूर्वीचं खोटं शपथपत्र आपणहून कबूल करणारा माणूस शहाणा की काय? त्यापेक्षा तीन पोरं कमी केलेली काय वाईट?

“ब्रिजिटला तू फोन कर मग,” नीलम नवऱ्याला म्हणाली. “आणि शहजादभाईंना. आणि लक्ष्मीला तर खाली जाऊनच सांग, ती आत्ता घरीच आहे. मी एकटी तीन सांभाळीन, मला जमेल. पण गेलेली तिघं रोज सकाळी आपापल्या घरी आईंच्याच नावानं रडणार, ते कोण ऐकणार?”

धम्मदीप वडिलांकडे वळला. अण्णा, तुम्हीच सांगा, तुमच्यावर येणार आहे हे. प्रतिज्ञापत्रात तुम्हाला काय लिहावं लागेल कळतंय ना?

केशवरावांना कळत होतं. मी, केशव अमुक तमुक, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की मी एका अल्पवयीन मुलीशी लग्न केलं आणि ते लपवण्यासाठी सरकारला खोटी जन्मतारीख दिली. खाली सही. इथल्या जयंती मंडळातल्या लोकांपर्यंत हे कधीतरी पोचणार. दर चौदा एप्रिलला मनामातल्या हॉलमध्ये माइक त्यांच्या हातात असायचा. पुढच्या वर्षी तो हातात घेताना पहिल्या रांगेत बसलेल्या लोकांना हे माहीत असेल. सुजीतचा मार्ग अजून मोकळा होता. अक्षताची सही, रविवारचा चहा, आणि सोमवारी सगळं पूर्वीसारखं. आणखी एकच खोटा कागद, आणि त्यांच्या हातून तो पहिला नसणार होता. मोह फार जवळ उभा होता आणि त्याच्या हातात पेन होतं.

“कागद दे,” ते नीलमला म्हणाले.

नीलमनं प्रिंटरमधला कोरा कागद दिला. केशवरावांनी चष्मा लावला. ते मराठीतच लिहायला बसले, इंग्रजी नंतर अक्षता करेल म्हणाले. एक शब्द न खोडता त्यांनी अर्धं पान भरलं, एकतीस वर्षं रोज रिपोर्ट लिहिलेला तो हात होता. मग मोठ्यानं वाचायला लागले, कारण घरात जे लिहायचं ते सगळ्यांसमोर वाचायचं, ही पद्धत त्यांनीच पाडली होती.

“...सदर विवाहाच्या वेळी माझी पत्नी इंदू हिचं वय सोळा वर्षं होतं, ही गोष्ट मला पूर्णपणे माहीत होती. तरीही सन एकोणीसशे चौऱ्याण्णवमध्ये मी—”

“सोळा न्हाई,” इंदुबाई म्हणाल्या.

त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. किती वेळ होत्या कुणाला माहीत नव्हतं. यशू त्यांच्या पायाशी बसून चमच्यानं फरशी वाजवत होती.

“काय नाही?” केशवरावांनी विचारलं.

“सोळा न्हाई. पंदरा. दीक्षेनंतर तेराव्या वर्साची मी. शाळेत मास्तरांनी तेच ल्हिलंय. आता दाखला आला म्हंजे समद्यांना दिसंलच, म्हून आदीच सांगितलं. न्हाईतर तुमी परत खोटंच ल्हिलं असतं.”

केशवराव चष्म्यातून त्यांच्याकडे बघत राहिले. सासूबाई बारावं वर्ष म्हणाल्या होत्या, असं ते म्हणाले. सासऱ्यांनी, आबांनीही सोळाच सांगितलं होतं, बैठकीत, चार माणसांत.

“आबांनी सांगितलं, कारन तुमचा निरोप आला हुता. सोळाच्या आतली करनार न्हाई म्हून. आबा म्हनालं, शिकल्यालं पोरगं हाय, हुंडा मागत न्हाई, असं स्थळ एका वर्सासाठी घालवायचं व्हय? आईलाबी तसंच बोलायला लावलं. एक वरीस त्यांनी वाढीवलं, तीन तुमी.”

सुजीतचं तोंड उघडलं. म्हणजे छप्पन्न, हे अख्ख्या घराच्या मनात एकाच वेळी आलं होतं. नियमाच्या दृष्टीनं ते आणखीच सोयीचं होतं. पण अक्षतानं त्याच्याकडे पाहिलं आणि तो आकडा त्याच्या तोंडातच राहिला. धम्मदीप उठून आईजवळ गेला, काय करावं ते न सुचून त्यानं खाली बसून यशूच्या हातातला चमचा काढून घेतला. यशूनं त्याला इंग्रजीत बजावलं की तो तिचा आहे.

“अगं, पण मला का नाही सांगितलंस?” केशवराव म्हणाले. “एकेचाळीस वर्षं झाली, इंदू.”

इंदुबाईंनी जरा विचार केला. रागावल्या असत्या तर त्यांनी तोंड फिरवलं असतं, ते त्यांनी केलं नाही.

“माजं वय आबांना इचारलं, माज्या आईला इचारलं. हापिसात सायबाला सांगितलं. आता त्या खात्याच्या बाईला सांगनार,” त्या म्हणाल्या. “मला कुनी इचारलंच न्हाई. तुमीबी न्हाई.”

केशवरावांनी कागद पुन्हा समोर ओढला. सोळावर त्यांनी एक आडवी रेघ मारली. मग पेन तसंच कागदावर टेकवून ठेवलं आणि पुढचा शब्द लिहिण्याआधी बायकोकडे पाहिलं.

“पंधरा ना?” त्यांनी विचारलं.

“व्हय,” इंदुबाई म्हणाल्या. “पंदरा.”